चार वाजताची तिन्हीसांज

आमच्या शेतात डिस्को चालतो, असा शेजारच्या टायरवाल्याला बरेच दिवस संशय होता. रास अल खोरच्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं वर्कशॉप आमच्या गोदामाला अगदी चिकटून होतं. आमचं शटर वर गेलं की आतून जांभळा-गुलाबी उजेड बाहेर यायचा, आणि चार बायका डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या घालून हसत-बोलत ये-जा करताना दिसायच्या. शेवटी न राहवून एक दिवस तो आत शिरला. पेशावरकडचा माणूस, आडवातिडवा, हाताला ग्रीस. समोर लोखंडी रॅक, प्रत्येक रॅकला पाच मजले, प्रत्येक मजल्यावर हिरवागार पाला. त्यानं सगळं नीट बघितलं आणि विचारलं, मिट्टी किधर है? मी म्हटलं, मिट्टी नहीं है. और सूरज? मी छताकडे बोट दाखवलं. तो बिचारा वर बघत राहिला, छताला तर कुठे भोक दिसेना. मग अल्लाचं नाव घेऊन निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोसाठी पुदिना मागायला आला.

आता मी ठाण्याला परत येऊन राहिलेय. सोसायटीत कोणी विचारलं की दुबईत तुम्ही काय करायचात, तर मी सांगते, शेती. समोरचा माणूस हसतो, त्याला वाटतं थट्टा करतेय. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आता तेच तुम्हालाही सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल.

पालेभाजीला लागतं काय? उजेड, पाणी, खत आणि बेताचा गारवा. वाळवंटात उन्हाळ्यात बाहेर यातलं फक्त ऊन मिळतं, आणि तेही इतकं की कोथिंबीर पेरली तर उगवायच्या आधी भाजून निघेल. म्हणून आम्ही शेत बंद खोलीत नेलं. उजेड एलईडी दिव्यांचा. मुळं वाहत्या पाण्यात, पाण्यातच खत मिसळलेलं, आणि तेच पाणी गाळून पुन्हा फिरवायचं. गारवा एसीचा. आता यात मेख अशी की दिवे वीज खातात, दिव्यांनी खोली तापते म्हणून एसी वीज खातो, आणि दोघं मिळून मालकाला खातात. त्यावर उपाय म्हणजे गोदामाचं छत. बाहेर सगळं जाळणाऱ्या सूर्याला छतावर सोलर पॅनेल टाकून कामाला लावायचं. म्हणजे सूर्य आमच्या शेतात येत होताच, फक्त तारेतून येत होता.

मी मूळची हॉर्टिकल्चर शिकलेली. नवऱ्याच्या नोकरीमागे शारजाला आले आणि अल नहदाच्या एका टॉवरमध्ये आमचा संसार थाटला. मला एका लँडस्केपिंग कंपनीत काम मिळालं. ते सगळे तेजीचे दिवस. वाळवंटात व्हिलांची एक वसाहत उभी राहत होती आणि तिच्या रस्त्यांच्या दुतर्फा मी खजूर लावत होते. मोठाली, वाढलेली झाडं ट्रेलरवरून यायची, क्रेननं उतरवायची, मुळाशी पाण्याचा टँकर. मग २००८ आलं. आधी इंजिनिअर दिसेनासे झाले, मग क्रेन, मग टँकर. टँकर बंद झाल्यावरही मी काही दिवस आमच्या गाडीतून कॅन भरून पाणी नेत होते, नवरा म्हणायचा वेड लागलंय तुला. कॅननं खजूर जगतो होय? माझ्या डोळ्यांदेखत एकेक झाड खालून पिवळं पडत गेलं. त्या रस्त्यानं मी पुन्हा कधी गेले नाही. 

त्यानंतर मी ऑफिसांना भाड्यानं कुंड्या पुरवायचं काम धरलं. मंदीत कुठलं ऑफिस कधी बंद पडणार हे मला बातम्यांच्या आधी कळायचं, कारण सगळ्यात आधी कुंडीला पाणी घालणारा माणूस जायचा. मग फोन यायचा, मॅडम, तुमची झाडं घेऊन जा. आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायलाही जागा उरली नाही. माझी मुलगी अनया तेव्हा शाळेत होती. ती मैत्रिणींना सांगायची, "माय मॉम रन्स अ रिफ्यूजी कॅम्प फॉर प्लान्ट्स." मला राग यायचा, पण बोलणं खरंच होतं तिचं.

त्या कुंड्यांमुळेच मला बू सईद भेटले. बू सईद म्हणजे सईदचे वडील. तिकडे माणसाला मुलाच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे, त्यामुळे त्यांच्या तोंडी मीही कायम उम्म अनया, अनयाची आई. माणूस अत्यंत सभ्य, पायघोळ पांढरा कंदुरा कडक इस्त्रीचा, आवाज कधी चढायचा नाही. तेजीत त्यांनी टाइल्सचा धंदा काढला होता आणि मंदीनंतर त्यांच्या गोदामात टाइल्स आणि धूळ एवढंच उरलं होतं. बरीच वर्षं ते तसंच पडून होतं. मग सोलर स्वस्त झाले, दिवे स्वस्त झाले, आणि परदेशात कुठेतरी असं घरातलं शेत बघून आल्यावर बू सईदच्या डोक्यात किडा वळवळला. खरं कारण मात्र त्यांची आई. तिला जेवताना मासळी-भाताबरोबर जर्जीर लागायचं. मुळ्याच्या पाल्यासारखी तिखटसर लागणारी ही भाजी तिकडे घरोघर कच्ची खातात. उन्हाळ्यात चांगलं जर्जीर मिळायचं नाही, आणि म्हातारी रुसून बसायची. म्हणजे आमच्या अत्याधुनिक शेतीचा पाया एका म्हातारीच्या रुसव्यावर घातलेला होता.

माझ्याबरोबर दुसरे होते इब्राहिम मुकादम, आमचे मुकादमभाई. मूळ श्रीवर्धनचे, बिऱ्हाड अजमानला. टॉवरांचे एसी बसवण्यात त्यांचा जन्म गेला. मंदीत टॉवर थांबले तसे तेही मोकळे झाले होते. गारवा आणि सोलर ही त्यांची खाती. बॅटऱ्या महाग, म्हणून त्यांनी एक मोठी इन्सुलेटेड टाकी बसवून घेतली. दुपारी पॅनेलची वीज उरली की ती टाकीतल्या पाण्याचा बर्फ करायला वापरायची आणि सूर्य गेला की त्या बर्फावरून हवा गार करायची. कोणी पाहुणा आला की मुकादमभाई त्या टाकीवर थाप मारून सांगायचे, यात दुपारचं ऊन भरून ठेवलंय. पाहुणा टाकीला हात लावायचा आणि दचकून मागे घ्यायचा. हा खेळ त्यांना कधीच पुरेसा झाला नाही.

तोडणीसाठी आणि पॅकिंगसाठी मी आमच्या बिल्डिंगमधल्या बायका जमवल्या. शोभावहिनी त्यांच्या म्होरक्या. मूळच्या मिरजेच्या, वयानं माझ्याहून मोठ्या, नवरा ड्राफ्ट्समन. मंदीत त्याचा पगार निम्मा झाला तो पुन्हा वर आलाच नाही. जन्मभर मेथी निवडलेला हात, त्यामुळे कात्री अशी चालायची की बघत राहावं. पहाटे माझ्याच गाडीतून आम्ही चौघी शारजाचा ट्रॅफिक पार करून रास अल खोरला यायचो, आणि त्या ट्रॅफिकमध्ये बिल्डिंगमधल्या सगळ्या सासवा-सुनांचे निकाल लागायचे. मुकादमभाईंच्या हाताखाली त्यांच्याच गावाकडची तीन माणसं होती. अशी ही आमची सगळी पलटण.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका पंजाबी रेस्टॉरंटवाल्यानं आमची कोथिंबीर परत पाठवली. म्हणे हिला माती नाही, म्हणजे ही ताजी नाही. मी त्याला फोनवर अर्धा तास समजावलं. कसचं काय! शेवटी तो म्हणाला की मॅडम, थोडी मिट्टी लगा के भेज दो, मेरे कुक को तसल्ली हो जाएगी. एक बाई यायच्या, त्यांना प्रत्येक पान उजेडाकडे धरून बघायची सवय. याला ऊन लागलेलं नाही तर यात जीव कसा, असं त्यांचं म्हणणं. मुकादमभाईंनी त्यांना छतावर नेऊन पॅनेल दाखवले. त्या खाली आल्या, चेहरा लालबुंद झालेला, आणि दोन जुड्या घेऊन गेल्या. आठ दिरहमची जुडी, म्हणजे एकशेचाळीस रुपये. शोभावहिनी प्रत्येक जुडी बांधताना हे एकशेचाळीस मोठ्यानं म्हणायच्या आणि मान हलवायच्या.

असं सगळं मजेत चाललं होतं, पण शेत मात्र चालत नव्हतं. किरकोळ गिऱ्हाइकांवर एवढा डोलारा उभा राहत नाही, त्याला हॉटेलं लागतात. हॉटेलांची तक्रार सगळीकडून एकच. माल येतो तेव्हा फोटो काढण्यासारखा असतो, आणि तिसऱ्या दिवशी फडकं होतो. लेट्यूस मान टाकतं, बेसिल काळं पडतं. विमानानं आलेला परदेशी माल चार दिवस जुना असूनही आमच्यापेक्षा जास्त टिकायचा. मी खत बदललं, पाणी बदललं, खोकी बदलली, थंड व्हॅनच्या ड्रायव्हरशी भांडले. काही उपयोग नाही.

इकडे नाशिककडचे एक कांद्याचे व्यापारी, बोरस्ते नावाचे, आमच्या गोदामावर डोळा ठेवून होते. जवळच घाऊक बाजार, त्यामुळे त्यांना ती जागा कांदा साठवायला हवी होती. ते बू सईदना भेटायला येत आणि जाताना आमच्याकडे डोकावत. माणूस वाईट नव्हता हो, उलट आमच्या डब्यातलं पिठलं खाऊन डोळे पुसायचा. पण हात धुतले की मोबाइलमध्ये हॉलचे फोटो काढायचा, रॅक सोडून फक्त भिंतींचे. मला इतका संताप यायचा की त्याला पुन्हा पिठलं वाढायचं नाही असं मी ठरवायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा वाढायचे.

रमजानच्या थोडं आधी बू सईदनी मला ऑफिसात बोलावलं. गहवा म्हणजे अरबी कॉफी दिली, खजूर पुढे केला, अनयाची चौकशी केली. मग हळूच सांगितलं की ईदपर्यंत एक मोठं, कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर शेत राहील, नाहीतर गोदाम कांद्याला जाईल. त्यांना बोलताना माझ्याकडे बघवत नव्हतं. मी फक्त इन्शाल्ला म्हटलं आणि बाहेर आले. शेत गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती हे खरं, शोभावहिनींच्या घरातला आधार गेला असता, मुकादमभाईंचा व्हिसा गेला असता. पण मला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीनं. माझ्या हातानं लावलेलं सगळं दुसऱ्यांदा वाळून जाणार होतं, आणि या वेळी कॅननं पाणी घालण्याचीही सोय नव्हती.

मग सापडलं काय ते ऐका. आमच्या घरच्या फ्रिजमध्ये आमच्याच लेट्यूसची दोन खोकी होती. एक परवाचं, एक त्याच्या बऱ्याच आधीचं. अनयानं सँडविच करायला घेतलं, दोन्ही उघडली, आणि जुन्यातलंच लेट्यूस घातलं. मी म्हटलं अगं ते शिळं आहे, हे घे. ती म्हणाली, "आई, धिस वन इज डेड. दॅट वन इज फाइन." मी दोन्ही खोकी ओट्यावर ठेवली आणि बघत बसले. जुनं पान मोडलं तर काडकन आवाज आला. परवाचं मोडेना, नुसतं वाकलं.

दोन्हींत फरक एकच होता. जुनं खोकं आम्ही संध्याकाळी भरलं होतं. कोणाच्या तरी घरच्या पार्टीची घाईची ऑर्डर आली होती आणि उरलेलं एक मी घरी आणलं होतं. एरवी आमची तोडणी पहाटेची. का पहाटेची? कारण भाजी पहाटेच काढायची असते! माझ्या माहेरच्या मळ्यात तशीच काढायचे, मुकादमभाईंच्या वाडीत तशीच, शोभावहिनींच्या मिरजेलाही तशीच. ऊन चढायच्या आत काढायची, नाहीतर भाजी मान टाकते. आमच्यापैकी एकालाही असं वाटलं नाही की इथे ऊन चढतंय कुठे? खोली बारा महिने गारच. आमच्या सगळ्यांच्या अंगात बाहेरचं शेत इतकं मुरलेलं की आम्ही वाळवंटातल्या बंद गोदामात, एसीमध्ये, डोळे चोळत पहाटे उठून भाजी तोडत होतो.

आणि पहाटेचं पान म्हणजे उपाशी पान. दिवसभर दिवे लागलेले असतात तेव्हा पान साखर तयार करतं. दिवे गेले की रात्रभर तीच साखर खातं. पहाटेपर्यंत डबा रिकामा. अशा रिकाम्या पोटी आम्ही त्याला कापून हॉटेलात पाठवत होतो, मग ते टिकणार कशावर? हे मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. मुकादमभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ताई, आपण पानांना पहाटेची सेहरी न देताच रोजा ठेवायला लावत होतो." आम्ही इतके हसलो की शेजारचा टायरवाला पुन्हा डोकावून गेला.

आता मी कंबर कसली. एका मोठ्या हॉटेलची मुख्य शेफ होती, मारिसेल नावाची फिलिपिनो बाई. छोटीशी, पण तिच्या किचनमध्ये माणसं तिला बघून पोटं आत घ्यायची. तिनं आम्हाला आधी एकदा नाकारलं होतं. मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. ती म्हणाली, एक शेवटची संधी. तुमची खोकी मी माझ्या फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवीन, सतत उघडझाप होणाऱ्या, गर्दीच्या फ्रिजमध्ये. आठवड्यानं पान मोडलं तर माझ्या सगळ्या रेस्टॉरंटांचा पाला वर्षभर तुमच्याकडून. वाकलं तर मला परत फोन करू नका.

परत येताना मी गाडीत गाणं म्हणत होते. आता फक्त तोडणी संध्याकाळी करायची, दिवे मालवायच्या आधी. दिवे सोलरवर चालत असल्यामुळे आमच्या पानांची संध्याकाळ आणि बाहेरची संध्याकाळ एकच, सूर्य मावळताना. मी सगळ्यांना गोळा करून हुकूम सोडला.

आधी मुकादमभाई बोलले, खाली बघत. रमजान सुरू झाला होता. सूर्य मावळताना त्यांची आणि त्यांच्या माणसांची रोजा सोडायची वेळ. कडक उन्हाळ्यात दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि नेमक्या त्या घटकेला हातात कात्री? मी म्हटलं, अर्थातच नाही, तुम्ही जा. आम्ही चौघी तोडू. तर शोभावहिनींनी मान हलवली.

"अगं सुनीता, तिन्हीसांजेला झाडाला हात लावतात का? दिवेलागणीला झाडं झोपतात. आणि त्यातून ती तुळस," त्या म्हणाल्या.

तुळस म्हणजे बेसिल. आमच्या इटालियन बेसिलला शोभावहिनींनी पहिल्याच दिवशी वास घेऊन तुळशीच्या गोतात घेतलं होतं. द्वादशीला तुळस तोडायची नसते, म्हणून त्या दिवशी तर त्या बेसिलच्या रॅककडे फिरकायच्याही नाहीत. बाकीच्या दोघी त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. मी भडकले. माझा स्वभावच तसा, आधी भडका, मग विचार. म्हटलं, अहो, इथे कांदा दारात येऊन उभा राहिलाय आणि तुम्ही तिन्हीसांजा काढताय! झाडं झोपतात म्हणे! इथली झाडं मी बटण दाबते तेव्हा झोपतात! तिन्हीसांज माझ्या हातात आहे!

बोलून गेले आणि माझी मीच थांबले. मुकादमभाईंनीही वर बघितलं. कोणाच्या तोंडून काही निघायच्या आधी आम्हा दोघांना तेच सुचलं होतं. संध्याकाळ खरंच आमच्या हातात होती. मग ती सूर्याबरोबरच का व्हायला हवी?

मुकादमभाईंनी तिथेच पुठ्ठ्याच्या खोक्यावर हिशेब मांडला. दिवे सूर्याच्या आधी लावायचे, पहाटेच्या फजरच्या अजानच्याही आधी. त्या वेळी बाहेर जरा गारवा असतो आणि खोली थंड ठेवायला टाकीत बर्फ असतोच. दिव्यांना तेवढ्यापुरती बाहेरची वीज घ्यायची. दुपारी चारला दिवे बंद. चारनंतर पॅनेलवर जे ऊन पडेल त्यातून काही करायचं नाही, फक्त बर्फ. दिवे बंद म्हणजे खोली तापत नाही, मग सगळी वीज बर्फालाच. दुसऱ्या पहाटे तोच बर्फ कामाला येणार. रात्री एसीला लागायची ती बाहेरची वीज वाचणार, म्हणजे बिल वाढत नव्हतं, एवढं कळलं तेव्हा मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

राहिल्या शोभावहिनी. चार वाजता बाहेर लख्ख ऊन, म्हणजे तिन्हीसांज नाही हे त्यांना मान्य होतं. पण आतल्या झाडांची झोपायची वेळ जवळ आलेली, त्याचं काय? त्यांनी रात्रीपुरती मुदत मागितली आणि मिरजेला सासूबाईंना फोन लावला. त्या नव्वदीच्या बाईंना गोदाम, एलईडी, बर्फ हे सगळं कसं समजावलं कोण जाणे. सकाळी गाडीत बसल्याबसल्या निकाल आला. बाहेरचा सूर्य वर असताना आणि आतला दिवा लागलेला असताना तोडलं तर दोष नाही, मात्र झाडाला आधी सांगायचं. तेव्हापासून शोभावहिनी प्रत्येक रॅकपुढे उभं राहून "तोडते हं" म्हणायच्या आणि मगच कात्री लावायच्या. मुकादमभाईंची माणसंही तसंच म्हणू लागली. मीही म्हणायचे, खोटं कशाला सांगू.

झाडांची रात्र एका दिवसात सरकवता येत नाही, ती बावचळतात. रोज थोडी थोडी मागे ओढत आम्ही त्यांची संध्याकाळ चारवर आणून बसवली. बाहेर सगळं जग उन्हात भाजत असताना आमच्याकडे तिन्हीसांजा व्हायच्या. मारिसेलची खोकी भरायची त्या दिवशी नेमकी द्वादशी निघाली. मग बेसिल मुकादमभाईंच्या माणसांनी तोडलं, आणि लेट्यूस, जर्जीर बायकांनी. पावणेपाचला सगळं आटोपून रोजेवाले घरच्या वाटेला लागले आणि आम्ही दिवेलागणीच्या आत अल नहदाला पोचलो.

तो आठवडा मात्र कसा गेला, आमचं आम्हाला माहीत. बोरस्ते येऊन विचारून गेले की रॅक काढायला किती दिवस लागतील. मी त्यांना पिठलं वाढलं.

आठवड्यानं मारिसेलचा फोन आला, दुपारी या. मी आणि मुकादमभाई निघालो. शोभावहिनींना सांगितलं, आम्हाला उशीर झाला तर वाट बघू नका, चारला तोडणी उरका. हॉटेलात आम्हाला बराच वेळ नुसतं बसवून ठेवलं. इफ्तारची तयारी चाललेली, चहूकडे वास दरवळत होते आणि मुकादमभाई सुकलेल्या ओठांनी भिंतीवरच्या फायर अलार्मकडे बघत बसले होते. शेवटी मारिसेल आली, खोकी घेऊनच. स्टीलच्या टेबलावर ठेवून तिनं झाकण उघडलं. बेसिलचं पान घेऊन चुरगळलं, वास घेतला. जर्जीर चावलं. मग लेट्यूसचं एक पान दोन बोटांत धरून मोडलं. काडकन आवाज झाला. तिनं दुसरं मोडलं, तिसरं मोडलं, जणू तिला तो आवाज आवडायला लागला होता.

"कधीपासून पाठवाल?" तिनं विचारलं.

 मुकादमभाईंनी लगेच सांगितलं, उद्यापासून. लॉबीत येऊन मी बू सईदना फोन लावला. बातमी सांगितली. मग ते म्हणाले, "उम्म अनया, कांदेवाल्याला मी सांगतो. तुम्ही फक्त माझ्या आईला सांगा, जर्जीर बंद होणार नाही." आणि मी त्या गुळगुळीत लॉबीत, सगळ्या पाहुण्यांसमोर, भोकाड पसरलं. मुकादमभाई रुमाल पुढे करत होते आणि त्यांचे स्वतःचेच डोळे वाहत होते.

गाडीत मी शोभावहिनींना फोन करायला घेतला, तर मुकादमभाईंनी अडवलं. म्हणाले, फोनवर नको ताई, मला सगळ्यांची तोंडं बघायची आहेत. तिकडून कोणाचा फोन आला नाही. विचारायची कोणाची छाती झाली नसणार. रस्त्यात ट्रॅफिक तुंबलेला, सगळे इफ्तारला घरी पळणारे. पाच वाजून गेले, मग साडेपाच. तोडणी झाली असेल, बायका टॅक्सी करून घरी गेल्या असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

गोदामाशी वळलो तर अर्ध्या शटरखालून गुलाबी उजेड बाहेर येत होता. चारला बंद व्हायचे ते दिवे अजून चालू. दिव्यांचा टायमर बिघडला असं वाटून मी वाकून आत पळाले. आत सगळे होते. मुकादमभाईंची तीन माणसं, बिल्डिंगमधल्या दोघी, प्रत्येकजण आपापल्या रॅकपुढे, हातात कात्री, आणि एकाही पानाला हात लावलेला नाही. शोभावहिनी मेन स्विचशेजारी स्टूल टाकून पहाऱ्याला बसल्यासारख्या बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या. चेहरा पांढराफटक पडलेला होता.

"तोडलं की दिवे मालवायचे, म्हणून तू येईपर्यंत संध्याकाळ होऊ दिली नाही," त्या म्हणाल्या. "काय असेल ते उजेडात सांग."